शिवणीचं तोंड

नानांच्या कारखान्याचं शटर रोज संध्याकाळी बाहेरून बंद व्हायचं. आत राहायचे ताडपत्रीचे गठ्ठे, शिवणाच्या दोन जड मशिनी, लवू मेस्त्री आणि त्याची बायको सुगंधा.

कारखाना म्हणजे भांडुपला आग्रा रोडलगतचा एक लांबट गाळा. तिथे ट्रकवर टाकायची कव्हरं शिवली जात. पुढे कापड कापायची फरशी, मधे मशिनी, मागे मोरी, आणि मोरीवर लाकडी पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर लवूचा संसार. ताठ उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागायचं. दोघंही घरात वाकून चालायची, आणि सवय अशी लागली की रस्त्यावरही थोडी वाकूनच चालायची.

लवू गावाहून आला तेव्हा नानांनीच त्याला ठेवून घेतलं होतं. नाना त्याच्याच गावचे, देवगडच्या बाजूचे. पहिल्या दिवशी जेवू घातलं, मशीनवर बसवलं, लग्न झाल्यावर पोटमाळा दिला. भाडं नाही. पुढे एकदा दोन गठ्ठे चोरीला गेले, तेव्हा नाना म्हणाले, "लवू, थोडे दिवस कुलूप बाहेरून लावतो. तू आत आहेस म्हणून मला झोप लागते रे."

थोड्या दिवसांची वर्षं झाली. नानांनी कधी आवाज चढवला नाही, कधी पगार अडवला नाही. तेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

संडास बाहेर, गल्लीच्या टोकाला. म्हणून दिवे लागले की सुगंधा पाणी पीत नसे. घसा सुकला तर चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. लवूला हे ठाऊक होतं. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

त्यांना एक मुलगी, जानकी. ती आठ वर्षांची असताना एकदा तापाने फणफणली. लवूने आतून शटर बडवलं. शेजारच्या पानवाल्याने ऐकलं, तो नानांच्या घरी धावला, नाना तसेच गंजीफ्रॉकवर आले, त्यांनीच रिक्षा केली. पोर वाचली. ती बरी झाल्यावर सुगंधाने तिचे कपडे पिशवीत भरले आणि तिला घाटकोपरला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं.

"माका नानांचो राग नाय," ती लवूला म्हणाली. "पण माझा चेडू ह्या कुलपात रवूचा नाय. कडी आतसून लागणारा घर मेळात, तेव्हा तिका हाडू."

तेव्हापासून जानकी रविवारी यायची आणि शटर पडायच्या आत परत जायची. असं दुसरं वर्ष चाललं होतं. साल चौऱ्याऐंशी.

त्या वर्षी जुलैत एक बाई कारखान्यात आली. खांद्याला शबनम, पायात कॅनव्हासचे बूट. नाव उत्तरा. मुलुंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि रविवारी डोंगर चढणाऱ्या एका मंडळाचं सगळं बघायची.

"काका, मला पिशवीत मावेल असं छप्पर हवंय," ती लवूला म्हणाली. "दोन झाडांमध्ये दोरी बांधायची, त्यावर हे टाकायचं, चार कोपरे ताणायचे. खाली आमची सगळी मंडळी झोपली पाहिजेत. आणि दिवसा एकाने पाठीवर नेलं पाहिजे."

नाना गल्ल्यावरून हसले. "बाई, आम्ही ट्रक झाकतो. हातरुमाल नाही शिवत."

"हातरुमालच शिवा, नाना. फक्त तो गळायला नको."

नानांना ते आवडलं. म्हणाले, "लवू, बघ हो जमत असलं तर. मशीन वापर. आपलं काम सुटल्यावर."

दुसऱ्या खेपेला उत्तराने खरी गोष्ट काढली. मुलुंडला तिच्या मामांची पिठाची गिरणी होती, आता बंद. पुढे गाळा, मागे राहायची खोली. "हे एक छप्पर पावसात टिकलं ना काका, तर आमचं मंडळ अजून घेईल. ठाण्याचं आहे, डोंबिवलीचं आहे, सगळ्यांना हवंच आहे. मामा म्हणतात, हातात काम असेल तर गाळा तुम्हालाच. गणपतीपर्यंत थांबतो म्हणाले. नंतर एक डेअरीवाला मागे लागलाय."

"खोलीला कडी कुठून आहे?" लवूने विचारलं.

उत्तराला प्रश्नच कळला नाही. "आतून. सगळ्यांच्या असते तशी."

लवू मान हलवून पुन्हा मशीनवर बसला. त्या दिवशी त्याच्या हातून दोनदा दोरा तुटला.

आधी कापड. लवूने चार तऱ्हेची कापडं आणून फरशीवर टाकली. कॅनव्हास त्याच्या रोजच्या ओळखीचा. तो पाणी अडवतो, पण अडवताना स्वतः पितो. कोरडा एकाने उचलायचा, ओला दोघांनी. डोंगरावर नेणार कोण? बाद. प्लास्टिक हलकं आणि स्वस्त, पण सुईने ओळीत भोकं पाडली की टपालाच्या तिकिटासारखं त्या ओळीतूनच फाटतं. बाद. छत्रीचं काळं कापड चांगलं होतं, पण पन्हा अरुंद. पन्हा अरुंद म्हणजे पट्टे जास्त, पट्टे जास्त म्हणजे शिवणी जास्त, आणि छप्पर गळतं ते कापडातून नाही, शिवणीतून. तेही बाद. चौथं रेनकोटवाले वापरतात ते नायलॉन, एका बाजूने लेप दिलेलं. बाजारात त्याला पॅराशूट म्हणतात. लवूने त्याला तोंड लावून फुंकलं. हवा पार गेली नाही. वर पाणी टाकलं. थेंब पाऱ्यासारखा पळाला.

"ह्याच," सुगंधा म्हणाली. तिनेच डब्यातले पैसे काढून दिले. ठरलं तसंच होतं. कापड लवूचं, छप्पर पावसात टिकलं की मंडळ घेणार.

मग दोरा. कॅनव्हासमध्ये सुती दोरा चालतो. ओला झाला की फुगतो, कापडही फुगतं, भोक बुजतं. चुकलं तर उसवायचं, पुन्हा शिवायचं. कॅनव्हास माफ करतो. नायलॉन फुगत नाही. त्यात एकदा पडलेलं भोक जन्मभर उघडं राहतं. म्हणून सुई बारीक, दोरा भोक भरून उरेल इतका जाड, आणि तो मेणाच्या खड्यावरून ओढलेला. ट्रकच्या मशीनला बारीक सुई बसवायला लवूला एक अख्खी संध्याकाळ लागली. ताण सैल केला तर खाली गुंते पडत, घट्ट केला तर कापडाला चुण्या. चिंधीवर चिंधी वाया गेली. मग जमलं.

शेवटी शिवण. त्याने तीन नमुने शिवले. एक साधी शिवण, कडा जोडून सरळ टाका. दुसरी कड एकदा दुमडून. तिसरीत दोन्ही कडा एकमेकींच्या कुशीत दुमडून वरून दोन ओळी टाके. खाकी पँटच्या पायाला असते तशी. तिन्ही तुकडे बादल्यांच्या तोंडावर सुतळीने बांधले, तिरपे धरले, वरून तांब्याने पाणी सोडलं आणि समोर स्टूल टाकून बसला. पहिली लगेच टपकली. दुसरी थोड्या वेळाने. तिसऱ्या बादलीचा तळ कोरडाच राहिला.

उत्तरा बघायला आली तेव्हा त्याने तिला ती शिवण बोटाने दाखवली. "हे बघा. दुमडीला एका बाजूने तोंड असतं. ते खाली हवं. कौलं कशी असतात? वरचं कौल खालच्यावर चढतं. उलटी घाला, पाणी घरात. आता तुमचं छप्पर दोन पाखांचं. दोरीच्या या बाजूला एक उतार, त्या बाजूला दुसरा. म्हणजे दोन्हीकडे तोंडं बाहेरच्या कडेकडे पाहिजेत."

"आणि दोरीवर?"

"दोरीवर शिवण येऊच द्यायची नाही. पाच पट्टे घेतो. मधला पट्टा दोरीवर अख्खा पडेल. दोन शिवणी इकडे, दोन तिकडे."

कोपऱ्यांना पितळी रिंगा ठोकायला त्याने नकार दिला. पातळ कापडातून रिंग ओढून निघते. कोपऱ्यावर दुहेरी ठिगळ आणि त्यात शिवलेला नवारीच्या पट्टीचा फास, असं ठरलं. इतकं सगळं लवूने बरोबर ठरवलं होतं.

शिवायला बसला तो नानांनी कुलूप लावल्यानंतर. दिवसभर ट्रकचं कव्हर ओढून खांदा भरलेला. सुगंधा समोरून कापड धरायची. पॅराशूट घसरतं, पायाखाली दाबावं तर हातातून निसटतं, हातात धरावं तर फरशीवरून सरपटत जातं.

"सापाक शिवल्यासारखा वाटता," सुगंधा म्हणाली.

"साप बरो. तो एका जाग्यार चावता तरी."

ट्रकचं कव्हर शिवायची एक रीत आहे. कापड जड, मशीनच्या हाताखालच्या फटीत सगळं मावत नाही. म्हणून एका कडेपासून सुरू करायचं, शिवलेलं गुंडाळत जायचं आणि उजवीकडून नवा पट्टा जोडायचा. दुमड नेहमी एकाच अंगाला पडते, आणि ती तशीच हवी असते. ट्रक पुढे धावतो, पाऊस समोरून मारतो, म्हणून सगळी तोंडं मागे. लवूने अशी कव्हरं इतकी शिवली होती की डाव्या हाताचा अंगठा कड आपोआप मागे वळवायचा.

या छपराला मधल्या पट्ट्यापासून सुरुवात करून दोन्हीकडे बाहेर जायला हवं होतं. पातळ कापड, फटीत सहज मावलं असतं. पण त्याने कड उचलली, मशीनखाली घातली आणि उजवीकडून पुढचा पट्टा जोडला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. मग शेवटचा. टाके एकसारखे पडले. एक चुणी नाही. शेवटच्या शिवणीवर त्याने मेण घासलं, वरून गरम इस्त्री लांबून फिरवली आणि हात पुसले.

छप्पर पूर्ण पसरायला आत जागा नव्हती आणि शटर बंद होतं. अर्धं अर्धं उलगडून दोघांनी पाहिलं. अर्धं अर्धं पाहिलं तर ते फार देखणं होतं.

पुढच्या रविवारी नानांनी सकाळी शटर उघडलं. लवू पिशवी काखेत घेऊन बाहेर पडला, मागून सुगंधा आणि घाटकोपरहून आलेली जानकी. तिघं मुलुंडला उतरून कॉलनीच्या मागे डोंगराच्या पायथ्याला गेली. पाऊस लागलेला होता. उत्तरा आणि तिची मंडळी थांबलीच होती. त्यांतला चंद्रप्रकाश नावाचा एक उंच गडी झाडावर दोरी बांधत म्हणाला, "काका, गळलं तर तुम्हाला खाली बांधू हां."

"बांधा," लवू म्हणाला.

छप्पर वर गेलं. ताणलं. निळं कापड वाऱ्याने एकदा फुगलं आणि बसलं. सगळे खाली शिरले. पाऊस वाढला. जानकी मधोमध बसून वर बघत होती. "आई, आवाज बघ ना! पापड भाजल्यासारखा!"

पहिल्यांदा चंद्रप्रकाशने मानेवर हात फिरवला. मग त्याच्या शेजारचा उठून पलीकडे सरकला. मग आणखी एक. हळूहळू त्या उताराखालची सगळी माणसं या उताराखाली आली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"अर्ध्या तिकिटाचं छप्पर आहे यार," चंद्रप्रकाश म्हणाला. कोणीतरी हसलं. उत्तराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

लवू त्या रिकाम्या बाजूला जाऊन उभा राहिला. छताला बोट लावायची गरज नव्हती. दोन्ही शिवणींची तोंडं वर होती, दोरीकडे. उतारावरून आलेलं पाणी दुमडीच्या खिशात साठत होतं आणि टाक्याटाक्यातून खाली उतरत होतं. या बाजूला तोंडं खाली, ठणठणीत कोरडं. त्याने आपल्या डाव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"काका, उसवून फिरवता येईल?" उत्तराने विचारलं. "आम्ही पुढच्या शनिवारी निघतोय."

"उसवता येईल. भोकं राहतील."

"मग?"

"ती बाजू टाकून नवं कापड लावायला लागेल." नवं कापड आणायला डब्यात काही उरलं नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही.

उत्तरा सरळ बाई होती. "या वर्षी आम्ही जुन्या मेणकापडावर भागवतो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू, काका. तुम्ही शिवलेलं चांगलंय. खरंच."

"मामा थांबतील?"

"वर्षभर कसे थांबतील?"

लवूने गाठी सोडल्या. ओल्या गाठी, नखं दुखली. त्याने कुणाला मदत करू दिली नाही.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन तो खिडकीकडे तोंड करून बसला. जानकी पेंगत होती. सुगंधा म्हणाली, "एक बाजू गळाक नाय."

"एक बाजू गळाक नाय तर काय उपेग? घराक दोन पाखां असतत."

"घराक असतत. पडवीक एकच असता."

लवूने मान वळवली नाही. पण पिशवीतल्या कापडाची कड त्याने बोटांत धरली आणि एकेक शिवण चाचपली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चारही तोंडं एकाच अंगाला. दोरी मधे बांधली म्हणून दोन चुकल्या. दोरी नसलीच, नि सगळं एकाच उतारावर टाकलं, तर एकही चुकलेली नव्हती.

भांडुपला पोचली तेव्हा कारखान्याचं शटर अर्धं वर होतं आणि नानांचा पुतण्या गल्ल्यावर पेपर वाचत होता. तो त्यांना बघून घरी गेला. लवूने शिडी बाहेर काढली. शटरवरच्या पाटीच्या लोखंडी पट्टीला त्याने छपराची वरची कड बांधली, नवारीच्या फासांतून, एकेक ओढून बघत. खालची कड रस्त्याकडे उतरती घेतली. एक कोपरा गल्लीतल्या हातगाडीला, दुसरा पानवाल्याच्या खांबाला.

"लवूशेठ, दुकान वाढवलं काय?" पानवाला ओरडला.

"पडवी काढली," लवू म्हणाला.

सुगंधाने आतून चटई आणली. तिघं खाली बसली. पाऊस सडकून आला. पाणी वरून पहिल्या शिवणीवर आलं, तिच्यावरून उडी मारून दुसरीवर, आणि असं करत कडेवरून झालरीसारखं रस्त्यावर पडू लागलं. चटईवर थेंब नाही.

जानकीची जायची वेळ झाली. ती उठली नाही आणि तिला कोणी उठवलं नाही.

नाना नेहमीच्या वेळेला आले. एका हातात छत्री, दुसऱ्यात कुलूप. ते रस्त्यातच थांबले.

"हे काय रे?"

"पडवी, नाना."

"बरं, चला आत. लावतो."

लवू चटईवरून हलला नाही. "लावा तुम्ही. आम्ही बाहेर बसतो."

"बाहेर? पावसात?"

"खयचो पाऊस, नाना?" सुगंधा म्हणाली. "हय बगा, सुका आसा."

नानांनी छत्री मिटली आणि आत वाकून शिरले. त्यांनी वर पाहिलं. ते मूळचे शिवणारेच. हात आपोआप शिवणीवर गेला. एका शिवणीवरून दुसरीवर. "तोंडं सगळी खाली. बरोबर शिवलंयस."

"चुकून, नाना."

नाना हसले नाहीत. ते जानकीकडे बघत होते. "ही गेली नाही अजून?"

"ती जाऊची नाय," सुगंधा म्हणाली.

"लवू, आत माल आहे."

"माल आत राहू दे, नाना. माल कुठे जात नाही. आम्हाला कधीतरी जायला लागतं. हिला संडासला जायला लागतं. पोरीला ताप येतो." एवढं बोलून तो दमला. दिवसभराच्या शिवणीने दमत नव्हता तेवढा.

शेठ झाल्यापासून नाना मालवणी विसरल्यासारखे बोलत. आता म्हणाले, "इतक्या वर्सांत तू कधी बोललंस नाय रे."

लवू बोलला नव्हता, हे खरंच होतं.

नाना शटरपाशी गेले. ओढून खाली घेतलं. वाकून कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली, कुलूप एकदा खेचून पाहिलं, आणि किल्ली खिशात टाकायला हात सवयीने गेला. खिशाच्या तोंडाशी तो थांबला. तिघं चटईवरून त्या हाताकडे बघत होती. हात तसाच परत आला, आणि नानांनी किल्ली सुगंधासमोर चटईवर ठेवली.

"सकाळी तूच उघड," ते म्हणाले. "मी उशिरा येईन." छत्री उघडून ते गेले. मागे वळून बघितलं नाही.

सोमवारी मशीनवर तेच ट्रकचं कव्हर होतं, पोटमाळा नानांचाच होता आणि डोकं पत्र्याला लागतच होतं. मुलुंडच्या गाळ्यात पुढे डेअरी निघाली. पण ते नंतर.

त्या संध्याकाळी नाना दिसेनासे झाल्यावर सुगंधाने कुलूप काढलं, शटर वर केलं आणि आत गेली. जानकी चटईवर आडवी झाली होती. "आई, मी आज इथेच राहू?"

सुगंधा माठाजवळ उभी होती. दिवे केव्हाच लागले होते. तिने तांब्या बुडवून काठोकाठ भरला आणि उभ्याउभ्या, न थांबता, सगळा पिऊन टाकला.